घासलेली बाजू

माधव गेल्याची बातमी मला ऋजुताने फोनवर दिली. नवरा माझा, पण शेवटचं बोलणं तिच्याशी झालं. ॲन आर्बरच्या विद्यापीठातल्या त्याच्या खोलीत दोघं नाणी बघत बसले होते, बोलता बोलता त्याने मान टाकली. "कशाबद्दल बोलत होता?" मी विचारलं. "सातव्या मायकेलबद्दल, काकू." दुसरं काय असणार...

हा मायकेल म्हणजे बायझंटाईन सम्राट. पुस्तकांत रमणारा, राज्य चालवणं न जमलेला. सरहद्दीवर शत्रू, घरात बंडं, खजिना रिकामा. मग सोन्याच्या नाण्यात चांदी मिसळत गेली, सोनं घटत गेलं. एका नाण्याला पाव माप गहू कमी मिळायला लागला, तेव्हा लोकांनी सम्राटाचंच नाव 'पाव कमी' ठेवलं. माधवने त्याच्यापायी पंचवीस वर्षं घालवली. तेवढ्या वर्षांत मी नोकरी केली, ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसला, मुलगी वाढवली. सवत असती तर निदान भांडता आलं असतं. पुढे ऋजुता त्याची विद्यार्थिनी म्हणून आली आणि तीही सोय झाली. जेवताना माझ्याशी नुसतं 'हं' म्हणणारा माणूस तिच्याशी फोनवर तासभर हसायचा.

एका दिवाळीत त्याच्याकडचं मायकेलचं नाणं मी लक्ष्मीपूजनासाठी चिंच-मीठ लावून तारेच्या घासणीने घासलं. आईकडे पूजेचं सगळं चिंचेनेच लख्ख करायचे. एका बाजूचा पिवळेपणा गेला, खालून पांढुरकं निघालं. माधव बघतच राहिला. "हे काय केलंस..." एवढंच म्हणाला आणि आत गेला. थोड्या वेळाने दाराआडून ऐकू आलं, ऋजुताला फोनवर तेच सांगून हसत होता. ते मी विसरले नाही.

दिवसकार्य झाल्यावर ऋजुता घरी आली. माधवने लिहून ठेवलं होतं, ते नाणं तिला द्यायचं. मी डबी पुढे केली. तिने नाणं उलटं केलं.

"सर दरवर्षी पहिल्या क्लासला हीच बाजू दाखवायचे. म्हणायचे, मी वर्षानुवर्षं वजनं करत बसलो आणि माझ्या बायकोने पाच मिनिटांत सम्राटाला पकडलं."

"मला कधी बोलला नाही."

"रिअली, काकू? आम्हाला तर पाठ होतं."

त्यांना पाठ होतं... मी तिच्या हातातून नाणं घेतलं, डबी मिटली. "दिवाळीनंतर ने."

दिवाळी होऊन तीन आठवडे झाले. तिचे दोन मेसेज येऊन गेले, अगदी नम्र. नाणं देवघरात आहे, घासलेली बाजू वर.