जरा टेकतो

"जरा टेकतो, मास्तर," असं म्हणून मामा डोक्यावरची टोपी काढत, तिची नीट घडी घालत, ती डोकं आणि भिंत यांच्यामध्ये धरत आणि डोळे मिटत. पाय पुढे पसरलेले, हात मांडीवर. दोन मिनिटांत घोरायला लागत. जेवणाच्या सुट्टीत आमच्या कारखान्याच्या भिंतीशी हा सोहळा रोज होई आणि मला त्यांचा हेवा वाटे. मी नौपाड्यात कापसाच्या गादीवर तासभर कूस बदलणारा माणूस.

मी मास्तर नव्हतो. हजेरी कारकून होतो. पण ज्याच्या हाताला शाई लागलेली तो मामांच्या लेखी मास्तरच. मामाही माझे कुणी मामा नव्हते; सगळा कारखाना त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही म्हणे. स्वातंत्र्य येऊन दोनतीन वर्षं झाली होती. बाळकुमच्या वाटेवर गारगोटी दळण्याचा एक लहानसा कारखाना होता. पांढरे दगड आत जात आणि मैद्यासारखी भुकटी बाहेर येई. ती कुठे काचेच्या कारखान्यात जाई, कुठे चिनी मातीच्या. आत काम करणारी माणसंही संध्याकाळी मैद्यात लोळल्यासारखी बाहेर येत. मामा दळणखात्यात होते, म्हणजे सगळ्यांत पांढरे.

ते बाळकुमचेच. तरुणपण मिठागरात गेलेलं. "थितं ऊन, हितं सावली," असं ते कारखान्याचं कौतुक करत. त्यांच्या बोलीत 'ड'चा 'र' आणि 'ळ'चा 'ल' होई. घोड्याला घोरा म्हणत, पडलो म्हणायचं तर परलो म्हणत. मी कधी थट्टेने "मामा, घोरा की घोडा?" विचारलं, तर म्हणत, "तुमचा घोरा कागदावर पलतो. आमचा रस्त्यावर पलतो." मग हसत, आणि हसता हसता खोकत. खोकला थांबेपर्यंत आपण दुसरीकडे पाहायचं, अशी आमच्यात रीत पडली होती.

नाकाला बांधायला कारखान्याने फडकी दिली होती. मामांच्या फडक्यात भाकरी बांधलेली असे. "नाक बांधला तर दम कुठून घ्यायचा?" हा त्यांचा सवाल. त्यांचा विश्वास गुळावर. चार वाजता दळणखात्यातल्या प्रत्येकाला गुळाचा खडा मिळे. गूळ खाल्ला की धूळ पोटात उतरते, छातीत राहत नाही, असं सगळे मानत. मालकही मानत, कारण ते सोयीचं होतं. मामा आपल्या खड्यातला तुकडा मोडून माझ्यापुढे धरत. "खा मास्तर, तुमच्या टेबलावर पन धूल हाय." मी खाई. आता वाटतं, त्यांच्या वाटणीचं औषधच खात होतो.

एके वर्षी दळणखात्यातले दोघे लागोपाठ अंथरुणाला खिळले, तेव्हा मालकांनी नौपाड्यातल्या एका डॉक्टरांना दर मंगळवारी बोलवायला सुरुवात केली. डॉक्टर जुन्या वळणाचे, शुद्ध बोलणारे, मनाने सज्जन. फाटकावर एका माणसाची जागा रिकामी झाली होती. ज्याची छाती सगळ्यांत वाईट त्याला धुळीतून काढून तिथे बसवायचं, असं ठरलं. फॉर्म इंग्रजीत होता. मी मराठीत विचारायचं, इंग्रजीत लिहायचं आणि डॉक्टरांनी नळी लावून खाली सही करायची.

मामा समोर बसले. भूक? "हाय." खोकला? "तो तर तुमी रोज ऐकता." झोप?

"झोपंचा काय, टेकला का लागते."

आता तुम्हीच सांगा, याचा अर्थ तुम्ही काय केला असता? आमच्या घरी वडील अभिमानाने सांगत, आपल्याला बुवा पाठ टेकली की झोप लागते. निरोगी माणसाचं ते लक्षणच. शिवाय मामांचं घोरणं मी रोज या कानांनी ऐकत होतो. मी माझ्या वळणदार अक्षरात 'गुड' लिहिलं.

डॉक्टरांनी छाती तपासली, फॉर्म पाहिला आणि थोडा वेळ मामांचा आणि दळणखात्यातल्या आणखी एकाचा, असे दोन फॉर्म शेजारी शेजारी ठेवून विचार केला. "खोकला दोघांनाही सारखाच आहे हो. परंतु या दुसऱ्याला रात्री उठून बसावं लागतं. यांना झोप उत्तम लागते. छाती फार बिघडली असती, तर अशी लागली नसती." जागा दुसऱ्याला मिळाली. मी मामांना हळहळत सांगितलं, तर म्हणाले, "बरा झाला. फाटकावर बसून माश्या मारायच्या का?" पण त्या दिवशी गुळाचा खडा त्यांनी तोंडात टाकला नाही. बराच वेळ नुसता हातात धरून बसले होते.

दीडएक वर्ष गेलं. एकदा मामा सलग चार दिवस आले नाहीत, म्हणून रविवारी सकाळी मी बाळकुमला गेलो. बरोबर गुळाची पुडी घेतली. मामी ओटीवर मासळी निवडत होती. "आत हायेत, टेकलेत," म्हणाली.

मामा आतल्या खोलीत भिंतीशी बसले होते, कारखान्यात बसत तसेच. ते सावरून बसायला पुढे झाले आणि मला त्यांच्या मागची भिंत दिसली. शेणामातीने सारवलेल्या त्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, एक तेलकट, काळाभोर, गुळगुळीत डाग होता. ताटाएवढा. एक-दोन महिन्यांत असा डाग पडत नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"त्यांची निजायची जागा," मामी दारातून म्हणाली. "बाजल्यावर आता भांडी ठेवतो. पाच वरसा झाली, आरवा झालेत कुठं? आरवा झाला का दम लागतो त्यांना. रातभर असंच."

माझ्या हातातली पुडी तशीच राहिली. "मामा, तुम्ही तर डॉक्टरांपुढे म्हणालात, टेकलं की लागते!"

"मंग?" मामा खरोखरच गोंधळले. "टेकला का लागतेच. मी खोटा कवा बोललो, मास्तर?"

ते खोटं बोलले नव्हते. त्यांचं टेकणं भिंतीला होतं आणि माझं गादीला. दोन वर्षं ज्या झोपेचा मी हेवा करत होतो, ती दम कोंडू नये म्हणून बसल्या बसल्या चोरलेली झोप होती. भाषा मला येते असा माझा मोठा तोरा होता. मराठीला मला शाळेत बक्षीस मिळालं होतं.

तिथून मी चालत थेट डॉक्टरांच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "चूक माझीही आहे. मी त्यांना एकदा निजवून पाहायला हवं होतं," एवढंच म्हणाले. मंगळवारी त्यांनी मामांना बाकावर आडवं केलं. मामा दहापर्यंत मोजायच्या आत धडपडून उठले. डॉक्टरांनी फॉर्म नवीन लिहिला, या वेळी स्वतःच्या हाताने, आणि मालकांशी भांडून फाटकावर आणखी एक माणूस नेमायला लावलं.

मामांना स्टूल मिळालं. मागे भिंत होतीच. सकाळी सातला फाटक उघडायचं, संध्याकाळी लावायचं; किल्ली मामांकडेच. "आता टेकायचीच नोकरी," म्हणून ते हसत. पण छातीत बसलेला दगड फाटकावर बसून थोडाच निघतो? हसणं दिवसेंदिवस आखूड होत गेलं. मी माफी मागितली नाही असं नाही, एकदा मागितली. ते म्हणाले, "तुमी लिवलाव, मी बोललो. दोगांचा आरधा आरधा." आणि गूळ मोडून माझा अर्धा माझ्यापुढे धरला.

आठनऊ महिन्यांनी, दिवाळीच्या आधी, एका सकाळी सात वाजून गेले तरी फाटक उघडलं नाही. बाहेर माणसं ताटकळत उभी होती. त्यांच्यात न थांबता मी बाळकुमची वाट धरली.

मामा भिंतीशी टेकलेले होते. टोपीची घडी डोक्यामागे तशीच होती. पहाटे कधीतरी गेले होते. गावातली चार माणसं आली, जमीन सारवली गेली, आणि त्यांना खाली निजवायला सगळे पुढे झाले. मीही हात लावला. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली मामी ओरडली,

"आरवा नका करू रे! दम लागंल त्यांना!"

सगळे थांबले. मग मामांचा धाकटा भाऊ तिच्याजवळ जाऊन बसला आणि हळूच म्हणाला, "आता नाय लागायचा, वयनी."

आम्ही त्यांना आडवं केलं. पाय सरळ केले, हात सरळ केले. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ते पुरले. मामा एवढे उंच होते, हे मला त्या दिवशी कळलं.