बाबांचा अंगठा

बाबा ठाण्याजवळच्या पूर्णा गावातल्या एका गोदामावर वॉचमन होते. पायाचा अंगठा निळा पडला तेव्हा त्यांनी ड्युटीच्या बुटाला शिव्या घातल्या आणि ब्लेडने बुटाचं टोक कापून टाकलं. दुखणं थांबलं नाही. ठाण्याचे डॉक्टर म्हणाले, बुटाचा काही दोष नाही. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीत चरबीचा थर साचलाय, त्याचे कण सुटून अंगठ्यात अडकलेत. उद्या एखादा मेंदूतही जाईल. चरबीची आणि रक्त पातळ ठेवायची गोळी कायम घ्यायची.

थोड्या दिवसांत अंगठा पहिल्यासारखा झाला आणि रोज सकाळची कटकट सुरू झाली. मी गोळ्या घेऊन उभी राहायची आणि बाबा पाय पुढे करायचे. "हा बघ, बरा हाय. मग गोळी कशाला?" छातीतलं अंगठ्यावर दिसत नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. शेवटी शेवटी गोळ्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे सापडायला लागल्या.

आता त्यांची उजवी बाजू गेलीय, बोलणंही गेलंय. गोळ्या मी कुटून, चमच्याने भरवते. बाबा निमूट गिळतात. चादरीबाहेर आलेला अंगठा मात्र अगदी बरा आहे.