‘नाही’ कुणाच्या आवाजात

त्या दिवशी नवरा सकाळी चाकणला कंपनीत गेला. दुपारी कंपनीतून फोन आला. काम करताना हृदय बंद पडून तो गेला होता. संध्याकाळी आम्ही त्याला घरी आणलं.

आमची मुलगी तेव्हा शेजारच्या घरी होती. ती पाच वर्षांची आहे. तिला डाऊन सिंड्रोम आहे. आपण बोललेलं तिला बरंच कळतं, पण तिच्या तोंडून शब्द नीट उमटत नाहीत. ती टॅबलेटवरची चित्रं दाबून बोलते. चित्र दाबलं की टॅबलेट तो शब्द म्हणतो. सुरुवातीला त्यात यंत्राचा आवाज होता, फलाटावरच्या घोषणेसारखा. तो आवाज आला की ती टॅबलेट पालथा घालायची. म्हणून एका रविवारी नवऱ्याने पंखा बंद केला, खिडक्या लावल्या आणि सगळे शब्द आपल्या आवाजात भरले. मध्येच कुकरची शिट्टी झाली तर आतून ओरडायचा, “अगं, ‘पाणी’ वाया गेलं माझं!” ‘नाही’च्या वेळी मुलगी त्याचा कान ओढत होती. त्या शब्दाच्या शेवटी त्याचं हसूही भरलं गेलं.

रावेतला आमच्या खिडकीखाली कंपनीच्या बस थांबतात; तो तिथेच उतरायचा. तो गेल्यानंतरही बस आली की मुलगी टॅबलेट घेऊन खिडकीशी जायची आणि दाबायची: ‘बाबा’. ‘ये’. दोन्ही शब्द त्याच्याच आवाजात. माणसं उतरून पांगायची, बस निघून जायची, आणि ती पुन्हा दाबायची.

तिला शिकवणाऱ्या ताईंना मी विचारलं, हिला काय सांगू?

“गावाला गेलेत, देवाघरी गेलेत, असलं काही सांगू नका. ती वाट बघत बसेल,” त्या म्हणाल्या. “‘बाबा’, ‘ये’, ‘नाही’. ती विचारेल तेव्हा हेच. आणि नुसतं तोंडाने नको, दाबून.”

ही त्यांची पहिल्यापासूनची शिकवण. मूल जसं ऐकून बोलायला शिकतं, तसं हे मूल बघून शिकतं. तेव्हा तिच्याशी बोलणाऱ्यानेही चित्रं दाबायची.

त्या संध्याकाळी बस आली. मी तिच्याजवळ बसले. ‘बाबा’ दाबलं, ‘ये’ दाबलं. तिसऱ्या चित्रावर बोट थांबलं. ते दाबलं असतं तर ‘मी येणार नाही’ हे त्यानेच तिला सांगितलं असतं, आणि तेही हसत.

सासूबाई मेथी निवडत होत्या. राजगुरुनगरच्या पलीकडे त्यांचं गाव. मुलाचे दिवस झाल्यावर त्या माझ्याकडेच राहिल्या होत्या.

“त्याच्या तोंडून नको वदवू गं,” त्या म्हणाल्या. “माझं पोर हाक मारली की येत व्हतं.”

“आई, दुसरा शब्द नाही हो तिच्याकडे.”

“मग त्यो माझ्या आवाजात भर.”

एका चित्रात एकच आवाज राहतो, हे मी त्यांना सांगितलं. चित्राची जागा बदलता येत नाही, कारण तिचं बोट जागेवरूनच शब्द शोधतं. नवा आवाज भरला की जुना पुसला जातो. तो दुसरीकडे काढून ठेवता येतो का, ते मी शोधून पाहिलं होतं; मला जमलं नाही.

त्या बराच वेळ काड्या बाजूला करत राहिल्या.

“बाकीचं ऱ्हातील न्हवं त्याचं?”

“राहतील.”

“मग भर.”

पहिल्यांदा त्या शेताच्या बांधावरून हाक घालावी तशा ओरडल्या. मुलगी दचकून धावत आली. “अहो, तुमच्या नातीला सांगायचंय, गावाला नाही,” मी म्हणाले, आणि आम्ही दोघी त्या दिवसांनंतर पहिल्यांदा हसलो. दुसऱ्यांदा त्या हळू म्हणाल्या, “न्हाई.”

दुसऱ्या दिवशी बस आल्यावर मी तिन्ही चित्रं दाबली. मुलीने टॅबलेटकडे पाहिलं, मग आजीकडे. तिसरं चित्र तिने स्वतः दाबलं, पुन्हा दाबलं. आजी दरवेळी मान हलवून म्हणत होती, “व्हय बाई. व्हय.”

असं पुष्कळ दिवस चाललं. आता बस आली तरी ती खिडकीशी जात नाही. दोडक्याची भाजी वाढली की आजीच्या आवाजात ‘न्हाई’ म्हणते.

नवऱ्याचे बाकीचे शब्द टॅबलेटमध्ये आहेत. ‘नाही’ तेवढा त्याचा राहिलेला नाही.