असह्य या शब्दाचा मी लावलेला अर्थ

लेंटच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत आमच्या मराठी मंडळीत रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थना असते. कोणत्या दिवशी कोणाकडे, ही यादी मी करतो. आठ वर्षं मी त्या यादीतून धाकट्या भावाचं केशवापूरचं घर वगळत आलो. कोणी विचारलंच तर सांगायचो, "त्यांच्या घरी कन्नड चालतं, आपल्या म्हाताऱ्यांना कळत नाही." हुबळीत जन्म काढलेल्या म्हाताऱ्यांना म्हणे कन्नड कळत नाही! पण कोणी हसलं नाही. मी मंडळीत वडील आहे, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक, आणि रविवारी बायबल क्लास घेतो.

खरं कारण भावजय होती. ती कन्नड घरातली. आमची आई शेवटचे चार महिने अंथरुणाला खिळली होती, पाठीला जखमा झाल्या होत्या आणि तिचं धुणंपुसणं भावजयच करायची. एका दुपारी ती आईच्या खोलीतून पदर तोंडाला लावून बाहेर आली आणि मला म्हणाली, "असह्य आहे हो, अण्णा."

मराठीत असह्य म्हणजे सोसवत नाही असं. कन्नडमध्ये हाच शब्द किळस आली की वापरतात. मी कन्नड अर्थ घेतला. माझ्या आईची हिला किळस येते! त्याच आठवड्यात आई गेली. शेवटची आंघोळ घालायला भावजय पुढे झाली, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हणालो, "तू नको. लांब राहा." का, ते सांगितलं नाही. त्यानंतर दोन्ही घरांचं बोलणं बंद.

यंदा नवे पाळक आले. यादी बघून म्हणाले, "अण्णा, तुमच्या सख्ख्या भावाचंच घर राहिलंय की!" त्यांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं आणि त्या दिवशीचा संदेशही माझ्याकडेच दिला. विषय होता, कठीण झालेलं अंतःकरण. मी कसून तयारी केली. देवापासून दूर गेलेला माणूस चर्चच्या पहिल्या बाकावरही सापडेल, असं एक वाक्य लिहिलं आणि मला ते फार आवडलं. लिहिताना डोळ्यांपुढे भाऊ आणि भावजय होती.

भावाच्या दारात मंडळीतल्या एक म्हाताऱ्या मावशी चपला काढत होत्या. "केशवापूरची बस मिळाली म्हणायची अण्णांना! आठ वर्षं स्टॉपवरच उभे होतात की काय?" सगळे हसले. मीही हसलो.

गीत झालं. मग साक्षीची, म्हणजे ज्याने त्याने आपला अनुभव सांगायची वेळ आली आणि भावजय उठली.

"मराठी मला आईंनी शिकवली," ती म्हणाली. "शेवटी शेवटी कूस बदलताना त्या म्हणायच्या, 'असह्य होतंय गं पोरी.' आमच्याकडं असह्य म्हणजे घाण. मी म्हटलं, आई, घाण कसली त्यात, मी आहे ना. तर तेवढ्या दुखण्यातही हसल्या आणि मला अर्थ सांगितला. अर्थ कळल्यावर मी बाहेर येऊन रडले. देवाला म्हटलं, मला नाही बघवत, आता ने त्यांना."

संदेशाचा कागद मी घडी करून खिशात घातला. पुढे ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही.

ऐकण्यात चूक झाली, एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण आठ वर्षांपूर्वी, भावजय ते बोलली त्याच दिवशी माझी बायको मला म्हणाली होती, "अहो, मराठीत बोलली ती. डोळे नाही बघितलेत तिचे?" मी तिला म्हणालो, "तू तिची वकील झालीस का?" डोळे मी बघितले होते. लाल होते. आणि आईच्या खोलीत मी दिवसातून एकदा, तोही उंबऱ्यापर्यंतच जायचो. वास सोसत नव्हता मला. किळस मला येत होती. माझ्या आईची, मला. ती मी उचलून भावजयीच्या तोंडी घातली, आणि आठ वर्षं तिच्यावर रागावून स्वतःला चांगला मुलगा समजत राहिलो.

"अण्णा, संदेश," पाळक म्हणाले.

मी उभा राहिलो आणि हेच सगळं सांगितलं. आंघोळीच्या वेळी तिला लांब का केलं, तेही.

भावजय माझ्याकडे बघतच राहिली. "इष्टक्का, अण्णा? एवढ्यासाठी?"

भाऊ उठून बाहेर व्हरांड्यात गेला. मी म्हणालो, "मला क्षमा कर."

"करायला पाहिजे, ते ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पण आज नाही होणार, अण्णा. आज खोटं बोलल्यासारखं होईल."

बायबल क्लासमध्ये क्षमेवर मी किती वेळा बोललो असेन! ती खरं बोलत होती आणि त्या खोलीत बऱ्याच वर्षांनी मीही खरं बोललो होतो.

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होतं. कोणाशी वैर असेल तर आधी ते मिटवावं, मगच त्या भाकरीला आणि प्याल्याला हात लावावा, असं मीच क्लासमध्ये शिकवत आलो होतो. आठ वर्षांत एकदाही माझा हात प्याल्याकडे जाताना थांबला नव्हता. आमची रांग उठली. बायकोने माझ्याकडे बघितलं. मी नकारार्थी मान हलवली, पाय बाजूला घेतले आणि बाकीच्यांना वाट दिली.