अर्धी होडी त्याची, अर्धी माझी

एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. वडील गेले आणि आम्हा दोघा भावांची वाटणी झाली. घर वाटलं, माड वाटले, पाटा थोरल्याला गेला आणि वरवंटा मला आला. शिडाची जुनी होडी मात्र कापता येईना. पंचांनी तोडगा काढला: उजवी बाजू थोरल्याची, डावी माझी, कमाई निम्मी निम्मी. आणि पंच जेवून गेले.

होडीवाचून दोघांचंही पोट नव्हतं. नारळी पुनवेनंतर मुंबईची आगबोट सुरू व्हायची. ती आमच्या मांडवी बंदरासमोर खोल पाण्यात उभी राहायची आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना आम्ही होडीतून किनाऱ्यावर उतरवायचो. वर्षाची मीठमिरची त्यावर. दोन हंगाम आम्ही एकमेकांशी चकार शब्द न बोलता होडी हाकली.

तिसऱ्या वर्षी ती फार गळू लागली. पावसाळ्यात माडाच्या झापांखाली ओढून ठेवली, तेव्हा डागडुजी काढली. तेला-राळेत भिजवलेला कापूस छिनीनं फळ्यांच्या फटींत ठोकायचा आणि वरून डांबर. थोरला सकाळी यायचा, मी तो गेल्यावर. माझी बाजू त्याच्यापेक्षा देखणी दिसावी म्हणून मी जीव तोडून ठोकलं. त्यानं चिडून डांबराचा दुसरा हात दिला. मग मीही दिला.

बुडाच्या मधल्या जाड लाकडाला, होडीच्या कण्याला, डोलकाठीच्या पायाशी लांब चीर होती. ती मी पाहिली. त्यानंही पाहिली असणार, कारण त्याच्या डांबराची कड नेमकी तिच्यापाशी येऊन थांबली होती. माझीही थांबली. वहिनीनं मला हटकलं, "मधली भेग कोण भरनार?"

"माज्या वाटणीत न्हाय ती," मी म्हणालो. "त्याला सांग."

असलं सडकं डोकं! आज स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

पुनवेला दोघांनी दोन नारळ आणले. त्यानं उजवीकडून वाहिला, मी डावीकडून. होडी लोटली आणि काळ्या खडकापर्यंत जातो न जातो तोच घोट्यापर्यंत पाणी चढलं. दोन्ही बाजूंना थेंब झिरपत नव्हता, पाणी मधून येत होतं. तो आपल्या बाजूला बसून उपसत होता, मी माझ्या. शेवटी दोघांनी उड्या मारल्या. छातीभर पाण्यात त्यानं पुढचं टोक धरलं, मी मागचं. लाट होडीला खडकाकडे ओढत होती.

"सोडू नको रं," तो म्हणाला.

तिसऱ्या वर्षी तोंड उघडलं, ते हुकूम द्यायला! माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी हात काढले.

होडी खडकावर आदळली आणि त्या चिरेशीच मोडली. थोरला वाळूत बसून हुंदके देऊन रडला. तो हुकूम नव्हता, विनवणी होती, हे मला तेव्हा कळलं. तरी मी त्याच्याजवळ गेलो नाही.

त्या वर्षी चाकरमानी दुसऱ्यांच्या होड्यांतून उतरले. वाहून आलेल्या फळ्या आम्ही चुलीसाठी नेल्या, उजव्या त्यानं, डाव्या मी. मधलं लाकूड कित्येक दिवस वाळूत पडून होतं. ते कुणाच्याच वाटणीत नव्हतं.