बाइंडरचा अंगठा

घरोघरी केबल आली त्या वर्षी आमच्या नल्लकुंट्यातल्या वाचक मंडळासाठी कादंबऱ्यांची यादी मी करत होते. निवडलेल्या जुन्या प्रती बांधून घ्यायला मैत्रिणीबरोबर चिक्कडपल्लीच्या एका बाइंडरकडे गेले. म्हाताऱ्याला मराठी वाचता येत नव्हतं. चष्मा कपाळावर ढकलून तो प्रत्येक पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवी आणि गालातल्या गालात हसे.

माझ्या घरच्या कपाटातली एक जाडजूड कादंबरी मी तोऱ्यात पुढे केली. "ये मेरी खुद की है. सबसे अच्छी!"

त्याने अंगठा फिरवला. "अम्मा, तीस पन्नां तक हातां लगे. आगे पूरी कोरी है जी."

मैत्रीण फिसकन हसली. मी कादंबरी यादीत तशीच ठेवली. मंडळात तिच्यावरची चर्चा मलाच सुरू करायची होती. आता निदान ती वाचणं तरी भाग होतं.