न संपणारं वाक्य आणि चुडावा स्टेशन

अवघड कादंबरी वाचायचे माझे नियम ठरलेले आहेत. रोज वीस पानं, हातात पेन्सिल, आणि वाक्य अर्धवट टाकून पुस्तक मिटायचं नाही. परभणीहून चुडाव्याच्या शाळेत रेल्वेनं अप-डाऊन करताना अशा बऱ्याच कादंबऱ्या मी संपवल्या. आमच्याकडे सगळे जिला ‘सकस’ म्हणतात, ती कादंबरी बहुधा कुणी वाचलेली नसते. मी वाचते, म्हणून माझं मत कुणी विचारत नाही.

त्या दिवशी शाळेत अधिकारी येणार होते. त्यांच्यासमोर वाचनाचा नमुना पाठ मी घ्यायचा होता. ‘शाळेची लाज तुमच्या हातात,’ असं मुख्याध्यापकांनी बजावलं होतं. हातातल्या कादंबरीत एक बाई उसनं आणलेलं पातेलं परत द्यायला शेजारी निघाली होती. पूर्णेला उतरणाऱ्या नर्सबाईंना मी दोन दिवस हेच सांगत होते.

उतरताना त्या म्हणाल्या, “मॅडम, म्होरलं स्टेशन तुमचं हाय. का ते पातेलं पोचल्यावरच उतरायच्या?”

“हे वाक्य संपलं की उठतेच.”

“लय मोठं हाय का?”

मी पान उलटलं. पूर्णविराम नव्हता. पुढच्या पानावरही नव्हता.

चुडाव्याची पाटी मला दिसली. पण कादंबरीतली बाई तेव्हा शेजारणीशी अबोला का धरला ते आठवत होती. अशा वेळी उठणं मला जमलं नाही. अखेर शेजारीण दारात आली, पातेल्याकडं न बघता म्हणाली, “बस जरा.” तिथं पूर्णविराम. माझे डोळे भरून आले. तोवर त्यापुढचं लिंबगाव स्टेशनही मागं पडलं होतं.

नांदेडहून बसनं परत आले तेव्हा अधिकारी जेवून गेले होते.

“उशिराचं कारण लिहून द्या,” मुख्याध्यापक म्हणाले. मी बाई, पातेलं, अबोला, सगळं खरं लिहिलं.

“वाचत होतात म्हणून वाचनाच्या पाठाला आला नाहीत? मॅडम, हे वर कसं पाठवू? पोट दुखत होतं लिहा. पोट लगेच मंजूर होतं.”

“पोट ठणठणीत होतं, सर.”

“मग अर्धी रजा जाईल.”

“जाऊ द्या.”

कपाळाला हात लावून त्यांनी रजेवर सही केली. मग दार लोटून हळूच विचारलं, “त्या दोघी बोलल्या का पुढं?”

“पुस्तक देते ना, सर.”

“नको, नको. तुम्ही नुसतं सांगा.”